रेडिएशनचे शेवटचे दिवस, त्यानंतरचे दोन महिने आणि नवऱ्याचं काम

दादा, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. वहिनी ४४ वर्षांच्या, डाव्या बाजूचा ब्रेस्ट कॅन्सर, हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे अंगातल्या हार्मोनवर वाढणारा. आधी केमो झाली, लाल औषधाचे (डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन) ४ डोस आणि मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेलचे १२, मग ऑपरेशन होऊन पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या, आता रेडिएशनचे १५ सिटिंग आहेत त्यातले ५ झालेत. तुम्ही म्हणता केमोत ती खंबीर होती, आता संपत आलं तर चिडते, रडते, भांडी हातातून पाडते, "मला एकटीला सोडा" म्हणते. तिला नीट झोप मिळावी म्हणून तुम्ही ऑपरेशनपासून हॉलमध्ये झोपता. मुलगा दहावीला, आई घरात आहेत, आणि शेवटच्या सिटिंगनंतरच्या रविवारी सत्यनारायण ठेवलाय, पन्नासेक माणसं जेवायला. "मी अजून काय करू" हा तुमचा प्रश्न.

मी पुण्यात कॅन्सर वॉर्डात आणि डे-केअरला बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम केलंय. डॉक्टर पेशंटला दहा मिनिटं बघतात, आम्ही सलाईन संपेपर्यंत बघतो, त्यामुळे नवरा-बायकोचं काय चाललंय ते आम्हाला जरा जास्तच दिसतं. तर माझं म्हणणं सरळ सांगते, तुमचं बहुतेक काही चुकत नाहीये, फक्त कॅलेंडर चुकतंय. घरातल्या सगळ्यांनी धरलंय की १५वं सिटिंग म्हणजे शेवट, आणि तिच्या अंगाला नेमकं त्याच्या आसपास आणि नंतरचे एक-दोन आठवडे सगळ्यात जास्त जड जाणार आहेत. घर सैल सोडायला लागतं आणि ती तेव्हाच सगळ्यात खाली असते, हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता कुणी "संपत आलं आता" म्हणालं की मला धास्ती वाटते.

याचं कारण साधं आहे. रेडिएशनचा परिणाम साठत जातो. पहिल्या आठवड्यात काही होत नाही, पेशंट म्हणते अरे हे तर केमोपेक्षा सोपं, येऊन पाच मिनिटं झोपायचं आणि घरी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थकवा येतो, आणि तो झोपून न जाणारा थकवा असतो. कातडी लाल, मग काळसर, काखेच्या घडीत आणि गळ्याजवळ सोलल्यासारखी, आणि हे सगळ्यात वाईट दिसतं ते शेवटचं सिटिंग झाल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी. गळ्याखालच्या भागालाही रेडिएशन असेल तर गिळताना टोचतं, त्यासाठी मऊ भात, कढी, कोमट दूध, तिखट बंद. हे माहीत नसलं की घरच्यांना वाटतं ट्रीटमेंट संपली तरी ही अजून कण्हतेय, आणि तिला वाटतं आजार परत आला.

त्यामुळे पहिलं काम, सत्यनारायण पुढे ढकला. मी देवाधर्माच्या विरोधात नाही, माझ्याही घरी होतो. पण विचार करा, त्या रविवारी वहिनींना पाटावर दीड-दोन तास बसायचंय, काठापदराची साडी, त्याखाली घट्ट ब्लाउज, त्याची शिवण बरोबर भाजलेल्या कातडीवर, डावा हात सारखा वर-खाली, आणि मग पन्नास माणसांपैकी निम्म्या बायका येऊन गळ्यात पडणार, "किती बारीक झालीस गं" म्हणणार. दीड-दोन महिन्यांनी ठेवा, कातडी भरलेली असेल, केस बोटभर आलेले असतील, ती स्वतः म्हणेल कोणती साडी नेसू. आईंना तुम्ही सांगा, वहिनींच्या तोंडून येऊ देऊ नका. "डॉक्टरांनी गर्दी नको सांगितलंय" एवढं वाक्य पुरतं, आणि डॉक्टरांना विचारलंत तर ते खरंच तसं सांगतील.

आता भांडी पडण्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात "लक्षच नसतं तिचं" असा सूर आहे. दादा, ते लक्ष नसणं नाही, त्या पॅक्लिटॅक्सेलने बोटांच्या नसांवर परिणाम होतो. बोटांची टोकं बधिर, तळपायाला मुंग्या, ब्लाउजचे हुक लागत नाहीत, मंगळसूत्राचा फासा सापडत नाही, पायातली चप्पल कधी निसटली ते कळत नाही. औषध थांबल्यावरही हे काही महिने राहतं, हळूहळू कमी होतं, काहींना थोडं राहूनही जातं. एक बाई मला सांगत होत्या, तव्यावरची पोळी उलटताना चटका बसला हे त्यांना वासावरून कळलं. म्हणून गरम तवा, कुकर, विळी, सुरी हे सध्या तुमच्याकडे किंवा पोळीवाल्या मावशींकडे. घरात मागे पट्टा असलेली चप्पल, बाथरूममध्ये रबरी मॅट, रात्री पॅसेजमधला दिवा चालू. आणि हुक लावून द्यायचे ते न बोलता, सकाळी सहज, "दे इकडे" एवढं म्हणून. त्यावर चेष्टा नको आणि कौतुकही नको. रात्री हातापायांची जास्त आग होत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधं आहेत, लोक सांगतच नाहीत.

चिडण्याचं आणि झोपेचं पण कारण अंगातच आहे बऱ्यापैकी. केमोने ४४व्या वर्षी बऱ्याचदा पाळी अचानक थांबते, जे एरवी चार-पाच वर्षांत सावकाश व्हायचं ते चार-पाच महिन्यांत होतं. रात्री दोन वाजता अंगातून वाफ निघाल्यासारखं होतं, गाऊन घामाने भिजतो, मग थंडी वाजते, झोप गेली ती गेलीच. नवरे घाबरून ताप समजतात. थर्मामीटर लावून बघा, १००.४ किंवा वर असेल तर हॉस्पिटलला फोन, नसेल तर पंखा, कॉटनची चादर आणि कोरडा गाऊन उशाशी. पुढे हार्मोनची गोळी (म्हणजे हार्मोनला अडवणारी) सुरू झाल्यावर हे अजून बरेच महिने चालू शकतं, तर मनाची तयारी ठेवा.

आता जरा अवघड विषय, पण तुम्ही स्वतःच लिहिलंय म्हणून बोलते. हॉलमध्ये झोपणं बंद करा. तुम्ही तिच्या झोपेसाठी गेलात हे मला समजलं, पण तिला काय समजलं असेल? ऑपरेशन झालं, एक बाजू सपाट झाली, आणि त्याच रात्रीपासून नवरा बाहेर झोपायला लागला. तुम्ही तिला विचारून गेला होता का? बहुतेक नाही, कारण असं कुणी विचारत नाही, "तू झोप नीट, मी बाहेर पडतो" म्हणून निघून जातात. अशा बायका आमच्याकडे ड्रेसिंगला आल्या की सहज म्हणतात, "यांनी अजून जखम बघितली नाही सिस्टर", आणि नवरा बाहेर बाकावर बसून म्हणतो, "तिला वाईट वाटेल म्हणून मी बघत नाही." दोघं एकमेकांना जपतायत आणि मध्ये भिंत. आजच्या आज आत जा. तिच्या उजव्या बाजूला झोपा म्हणजे डाव्या बाजूला धक्का लागणार नाही, डाव्या हाताखाली एक उशी. तिने "नको" म्हटलं तर विचारा का नको, धक्क्याची भीती की अजून काही. तिला चालणार असेल तर रेडिएशनचं क्रीम लावायचं काम तुम्ही घ्या, पाठीकडचा आणि काखेचा भाग तिला नीट दिसत नाही आणि हातही पोचत नाही. म्हणजे बघणं आपोआप होतं.

आणि हो, रेडिएशनने अंगातून किरणं बाहेर येत नाहीत. बाहेरून मशीनने देतात ते तिथल्या तिथे संपतं, जवळ बसलं, मुलाने मिठी मारली, एका ताटात जेवलं, काही होत नाही. हे आईंना पण सांगा, बऱ्याच घरांत वेगळा पेला ठेवलेला मी ऐकलाय आणि पेशंटला ते बोचतं, फक्त ती बोलत नाही. नवरा-बायकोच्या संबंधांनाही डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलेलं नसेल तर बंदी नाही, तिला इच्छा असेल तेव्हा, घाई नको. कोरडेपणाचा त्रास असतो, त्यासाठी पाण्यावर आधारित जेल मिळते, हार्मोनवालं क्रीम मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. आणि पाळी नाही म्हणजे दिवस जाणारच नाहीत असं धरू नका, निरोध वापरा. गर्भनिरोधक गोळ्या बहुतेक हार्मोनच्या असतात, त्या चालणार नाहीत.

कातडीचं पटपट सांगते. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. पावडर, डिओ, हळद, चंदन, शेजारच्या काकूंनी दिलेलं तेल, काही नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेलंच क्रीम. रेडिएशनसाठी काढलेल्या पेनाच्या खुणा घासून काढायच्या नाहीत. तुमचे जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले कॉटनचे शर्ट आहेत ना, ते उलटे करून घालायला द्या, शिवण बाहेर राहते आणि काखेत टोचत नाही. ब्रा सध्या नकोच. टू-व्हीलरवर नेत असाल तर बंद करा, पुण्यातले स्पीडब्रेकर आणि त्यात ऊन, रिक्षा करा. पाण्याचे फोड आले किंवा ओलसर झालं तर पुढच्या सिटिंगची वाट न बघता तिथल्या सिस्टरला दाखवा.

डावी बाजू म्हणजे बऱ्याच ठिकाणी मशीनवर खोल श्वास घेऊन रोखून धरायला सांगतात, छाती फुगली की हृदय किरणांपासून जरा लांब जातं. काही बायका याचंच टेन्शन घेतात, की माझा श्वास सुटला तर हृदय जळेल. तसं नसतं, श्वास सुटला की किरण थांबवतात, परत धरला की परत सुरू. घरी रोज संध्याकाळी मोबाइलवर सेकंद लावून तुम्ही दोघांनी वीस सेकंदाची प्रॅक्टिस करा, नवऱ्याचाच श्वास आधी सुटतो हे मी पैजेवर सांगते.

हाताचा व्यायाम थांबू देऊ नका, हे नवऱ्याने धरून ठेवायचं काम आहे. भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं, काठीने हात डोक्यावर नेणं. थकवा आला की पहिलं हेच सुटतं आणि खांदा आखडला की मशीनवर हात वर करून झोपणंच जमत नाही. काखेतल्या गाठी काढल्यात त्यामुळे त्या हाताला सूज येण्याचा धोका वर्षानुवर्षं राहतो. म्हणून त्या हाताला बीपी, सुई, रक्त काढणं शक्यतो नाही, घट्ट बांगड्या नाहीत, पाण्याची बादली नाही. साधं खरचटलं, डास चावला आणि हात लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

थकव्याला उपाय म्हणून लोक दिवसभर झोपवून ठेवतात, त्याने थकवा वाढतो. रोज वीस-तीस मिनिटं चालणं, ऊन उतरल्यावर, तुम्ही बरोबर, याने खरंच फरक पडतो आणि यावर बऱ्यापैकी अभ्यास झालेले आहेत. चालताना बोलायलाच पाहिजे असं नाही. उपास बंद, अंडं खात असतील तर अंडं, नाहीतर मुगाची उसळ, पनीर, ताक, शेंगदाण्याचा लाडू. गव्हांकुर, गोमूत्र, कुठून तरी मागवलेली पुडी, यातलं काही चोरून चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, ते ओरडतील म्हणून लपवू नका.

आता बोलायचं काय. "तू स्ट्रॉंग आहेस", "पॉझिटिव्ह राहा", "अजून दहाच राहिले", हे तीनही बंद. केमोत ती खंबीर होती म्हणता ना, तेव्हा तिला दुसरा पर्यायच नव्हता, एक डोस झाला की पुढच्याची तयारी. रडायला आता जागा झालीय. तेव्हा ती रडली तर पाणी द्या आणि तिथेच बसा, मोबाइल ठेवून. "काय हवंय तुला?" असा मोठा प्रश्न पण नको, तिला विचार करायचाच कंटाळा आलेला असतो, "खिचडी करू की वरणभात?" असं विचारा. "मला एकटीला सोडा" म्हणाली तर सोडा की, पण "मी आत आहे, अर्ध्या तासाने चहा आणतो" असं सांगून जा आणि अर्ध्या तासाने खरंच चहा घेऊन या.

दारावरची चौकी तुमची. भेटायला येणारे आधी तुम्हाला फोन करतील, वीस मिनिटं बसतील, आणि "आमच्या मावशीला पण हेच होतं, पण परत उलटलं" ही गोष्ट सुरू झाली की तुम्ही तोडायची, सरळ "काका, चहा घ्या" म्हणून. उद्धटपणा वाटला तर वाटू दे.

मुलाला खरं सांगा, दहावीचा मुलगा सगळं गूगल करून बसलेला असतो. त्याला एक ठरलेलं काम द्या, रात्रीचा दिवा, मॅट, पाण्याची बाटली उशाशी, काहीतरी.

रडणं वेगळं आणि डिप्रेशन वेगळं. दोन आठवडे झाले तरी जेवण नाही, कशातच मन नाही, "मी नसते तर बरं झालं असतं" असं बोलली, तर तो स्वभाव नाही, त्याच आठवड्यात ऑन्कॉलॉजीच्या डॉक्टरांना सांगा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. मानसिक त्रासाची गोळी गल्लीतल्या डॉक्टरांकडून परस्पर घेऊ नका, कारण त्यातल्या काही, उदाहरणार्थ पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचा (ही पुढे सुरू होणारी हार्मोनची गोळी) परिणाम कमी करतात. दुसऱ्या चालतात, पण देणाऱ्याला टॅमॉक्सिफेनचं माहीत पाहिजे.

तुम्ही स्वतःबद्दल एक ओळ पण लिहिली नाहीत. हॉलमध्ये झोप लागते का? बीपी शेवटचं कधी बघितलं? नवरे असे असतात की बायकोचं रेडिएशन संपतं आणि महिन्याभरात स्वतः कॅज्युअल्टीत येतात. आठवड्यातल्या एका सिटिंगला भाऊ किंवा मेव्हणा नेऊ दे, तुम्ही मित्राकडे जाऊन बसा, घरात जे बोलता येत नाही ते तिथे बोला. वहिनींचा याला विरोध नसतो, उलट त्यांना तुमचं तोंड बघून अपराधी वाटत असतं.

शेवटच्या सिटिंगच्या दिवशी घाईने निघून येऊ नका. डॉक्टरांकडून ट्रीटमेंट समरी मागा, एका कागदावर, कुठली केमो, लाल औषधाचा एकूण डोस किती, रेडिएशन किती ग्रे (हे रेडिएशनचं माप) आणि किती सिटिंग, बायोप्सीत ईआर पीआर हर्टू (गाठीच्या हार्मोनच्या आणि हर्टू प्रथिनाच्या तपासण्या) काय. त्याच्या झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. पाच-सात वर्षांनी दुसऱ्या कुठल्या गावात दुसऱ्या डॉक्टरला हेच लागतं आणि तेव्हा फाइल माळ्यावर असते. लाल औषध आणि डाव्या बाजूचं रेडिएशन दोन्ही झालंय, म्हणून पुढे कधीही चढताना दम लागला, पाय सुजले तर हृदयाचं बघून घ्यायचं. आणि एक ते सहा महिन्यांत सुका खोकला, बारीक ताप, दम असं झालं तर फॅमिली डॉक्टरांना सांगा की छातीला रेडिएशन झालंय, फुफ्फुसाला त्याची सूज येऊ शकते, नुसतं खोकल्याचं औषध देऊन चालत नाही. छातीत केमो पोर्ट (औषध द्यायला कातडीखाली बसवलेली छोटी डबी) बसवलेलं असेल तर ते कधी काढायचं, तोवर ते फ्लश करायचं, म्हणजे औषध सोडून साफ करायचं, किती दिवसांनी, हेही तेव्हाच विचारा.

पुढच्या तपासण्या पहिली तीन वर्षं साधारण तीन ते सहा महिन्यांनी, आणि दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी वर्षातून एकदा. काही त्रास नसताना दर वेळी पेट स्कॅन (सगळ्या अंगाचा स्कॅन) किंवा मार्करची (रक्तात कॅन्सरची खूण शोधणारी) रक्ततपासणी लागत नाही, त्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही आणि रिपोर्ट येईपर्यंत घर मात्र उलटंपालटं होतं. लॅबवाले पॅकेज घेऊन फोन करतील, नाही म्हणा. तपासणीच्या आधीचा आठवडा ती परत चिडणार आहे, ते धरून चाला, त्या आठवड्यात पाहुणे नकोत.

राहिली हार्मोनची गोळी. टॅमॉक्सिफेन असेल, किंवा पोटाच्या कातडीखाली घ्यायचं महिन्याचं इंजेक्शन आणि दुसरी गोळी, ते डॉक्टर ठरवतील, पण निदान पाच वर्षं रोज, काहींना दहा. वर्षभराने बऱ्याच बायका गोळी गुपचूप सोडतात, सांधे दुखतात, घाम येतो, आणि अंगात आजार तर दिसत नाही. सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलता येते, त्रासावर औषध देता येतं. टॅमॉक्सिफेनवर असताना एका पोटरीला सूज येऊन दुखलं, किंवा पाळी बंद झाल्यावर मध्येच रक्तस्राव झाला तर लगेच दाखवायचं. स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधी नवीन आणून ठेवणं हे काम तुमच्याकडे घ्या, आणि केमिस्टने दुसऱ्या कंपनीची दिली तर आतलं औषध आणि मिलिग्रॅम तेच आहे ना एवढं काउंटरवरच वाचून घ्या.